उन्हाळ्यातील परसबाग आणि मातीतील ओल

होळी झाली, की मराठवाड्याच्या पठारावरील हवेचा नूर पालटू लागतो. सकाळी नऊ वाजताच अंगणातील फरशी पायाला चटके देऊ लागते, दुपारी उष्ण झळा वाहतात, आणि हिवाळ्यात जिच्याकडे जाता-येता लोक कौतुकाने पाहत असत, त्या परसबागेतील एकेक झाड मान टाकू लागते. घरधनी हवालदिल होतो आणि हाताशी असेल तेवढे पाणी झाडांवर ओततो. तरीही वैशाख संपेतो निम्मी बाग वाळून गेलेली असते. पाणी कमी पडले, असा निष्कर्ष मग सहजच काढला जातो. बऱ्याच वेळा तो खरा नसतो. घरगुती बागेतील कितीतरी झाडे पाणी मिळत असूनही मरतात. कारण दिलेले पाणी मुळांपर्यंत पोचत नाही, पोचले तर तेथे टिकत नाही, आणि काही वेळा ते नको तेव्हा पोचते.

प्रस्तुत लेखकास ही जाण पुस्तकांतून आलेली नाही. कला शाखेच्या पदवीधरास वनस्पतिशास्त्राचा गंध तो कितीसा असणार! २०१६ च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त लातूर येथे वास्तव्य होते. शासकीय निवासस्थानाच्या मागे लहानशी परसबाग होती, आणि तिच्यात आधी राहून गेलेल्या कोणा अधिकाऱ्याने लावलेले, आठ-नऊ वर्षांचे, फळावर आलेले कागदी लिंबू होते. ते वर्ष कसे होते, हे लातूरकरांना सांगावयास नको. शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण आटले होते. विंधन विहिरी एकामागून एक कोरड्या पडत होत्या. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन तंटे होऊ नयेत, यासाठी मार्च महिन्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. आमच्या वसाहतीत टँकर आठवड्यातून एकदा येई. दिवसा पाणी काटकसरीने वापरा असे आवाहन करणारी प्रसिद्धिपत्रके काढावयाची आणि संध्याकाळी घरी येऊन लिंबाला पाणी घालावयाचे, हे मनाला रुचणारे नव्हते. शेजारच्या गल्लीत लोक घागरी घेऊन रांगेत उभे असताना झाडाच्या बुंध्याशी बादली रिती करणाऱ्या माणसाकडे ते कोणत्या नजरेने पाहतील, याचा विचार करावाच लागे. तेव्हा पिण्याच्या पाण्यातील एक थेंबही बागेस द्यावयाचा नाही, असे घरात ठरले. उरला प्रश्न एवढाच, की भांडी विसळल्या-धुतल्याच्या एक-दोन बादल्यांवर बागेतील काय वाचवता येईल.

पान मान का टाकते?

आरंभ अपयशाने झाला. बागेच्या कोपऱ्यात कढीपत्त्याचे एक झाड होते. दुपारी त्याची पाने लोंबताना दिसत, म्हणून घरातील विसळवणाचे सगळे पाणी मी पंधरा दिवस रोज भर दुपारी त्याच्या आळ्यात ओतले. पाने अधिकच पिवळी पडली आणि गळू लागली. ओळखीच्या एका वयस्क माळ्यास बोलावून आणले. त्यांनी कुदळीने बुंध्याजवळची माती उकरली, एक मूळ तोडून माझ्या नाकाजवळ धरले, आणि म्हणाले, "साहेब, हे तहानेनं न्हाई गेलं. गुदमरलं." मूळ तपकिरी झाले होते आणि त्याला कुजका वास येत होता.

याचे स्पष्टीकरण असे. झाड मुळांनी जे पाणी शोषून घेते, त्यापैकी अगदी थोडेच त्याच्या अंगी लागते. बाकीचे पानांवरील सूक्ष्म छिद्रांवाटे वाफेच्या रूपाने निघून जाते. या क्रियेस बाष्पोच्छ्वास म्हणतात. आपल्या अंगावरील घाम वाळला की जसा गारवा वाटतो, तसेच पानही या क्रियेने स्वतःला थंड ठेवते. हवा उष्ण व कोरडी असेल आणि त्यात वारा वाहत असेल, तर पानांतून निघून जाणारे पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्याहून अधिक होते. अशा वेळी मुळाशी ओल असूनही पान मलूल होते आणि छिद्रे मिटून घेते. दुपारचे हे मलूल होणे म्हणजे झाडाने स्वतःच योजलेली काटकसर होय. सूर्य कलला, हवा निवली, की मुळे तूट भरून काढतात आणि रात्रीतून पान पुन्हा ताठ होते.

म्हणून झाडाची खरी तहान दुपारी पाहू नये. ती सकाळी सहा वाजता, ऊन अंगणात येण्यापूर्वी पाहावी. त्या वेळी पान ताठ असेल तर त्या दिवशी पाण्याची गरज नाही, मग दुपारी ते कितीही लोंबो. सकाळीही पान मलूल असेल, तर मात्र मुळाशी ओल उरलेली नाही असे समजून लगोलग पाणी द्यावे. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही आवश्यकता असते, हे आपण विसरतो. मातीच्या कणांमधील पोकळी सतत पाण्याने भरलेली राहिली, तर मुळांचा श्वास कोंडतो, ती कुजू लागतात, आणि कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. परिणामी पान आणखी लोंबते, आणि ते पाहून आपण आणखी पाणी ओततो. कढीपत्ता याच फेऱ्यात गेला. ज्या उन्हाळ्यात पाण्याच्या थेंबाला मोल होते, त्या उन्हाळ्यात मी एक झाड पाण्याने मारले, ही गोष्ट पुढे बरेच दिवस डाचत राहिली.

पाणी जाते कोठे?

एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील कोरड्या भागात उघड्या ठेवलेल्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला दहा मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक उतरते. जमिनीचा पृष्ठभाग नुकताच भिजवलेला असेल, तर पहिल्या दिवशी त्यावरूनही जवळजवळ याच वेगाने पाणी उडते. म्हणजे दहा चौरस मीटरच्या बागेत संध्याकाळी रबरी नळीने सर्वत्र शिंपण केले, तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत शंभर लिटरच्या आसपास, म्हणजे सहा-सात बादल्या पाणी, झाडांच्या उपयोगी न पडता हवेत जाऊ शकते. सडा टाकल्यावर येणारा मातीचा वास आल्हाददायक असतो हे खरे. परंतु त्या वासाबरोबर आपले पाणीही जात असते.

शिंपणाचा दुसरा तोटा याहून मोठा आहे. वरवरचे पाणी वरचा इंच-दोन इंच थरच भिजवते. मूळ ओलीच्या मागे जाते. ओल वर असेल तर तेही वर येते. वरचा हा थर दुपारी इतका तापतो, की तेथील कोवळी मुळे करपतात. रोज थोडे पाणी देणाऱ्याची झाडे एक दिवस खंड पडताच कोलमडतात, आणि चार दिवसांनी एकदा पण खोलवर पाणी देणाऱ्याची तग धरतात, याचे कारण हेच.

काळ्या मातीचा स्वभाव

लातूर-उस्मानाबादकडील काळी माती (उस्मानाबादचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे) पाणी धरून ठेवण्यात मोठी चिवट. परंतु जे पाणी ती धरते, ते सगळेच झाडाला देत नाही. तिचे कण इतके बारीक असतात, की शेवटची ओल त्यांना घट्ट चिकटून राहते आणि मुळांच्या ओढीला दाद देत नाही. हाताला दमट लागणाऱ्या काळ्या मातीतही झाड तहानलेले असू शकते. मुरमाड जमिनीचे याच्या उलट असते. ती थोडेच पाणी धरते, पण धरलेले बरेचसे सोडते. यास्तव काळ्या मातीत बोटाने चाचपून भागत नाही. वीतभर खोलीवरील माती मुठीत घेऊन दाबावी. तिचा गोळा झाला आणि तो सहजी फुटला नाही, तर ओल पुरेशी आहे. दाबताच भुगा झाला, तर पाण्याची वेळ झाली आहे.

वाळू लागली, की ही माती आकसते आणि तिला भेगा पडतात. भेगांतून खोलवरची ओल बाहेर पडते आणि भेग रुंदावताना बारीक मुळे तटातट तुटतात. पाणी घातले तर ते भेगेतून सरळ खाली निघून जाते, मुळांना त्याचा लाभ होत नाही. कोरडवाहू शेती करणारे जुने जाणते शेतकरी कोळपणीला अर्ध्या पाण्याचे मोल देत, ते याचसाठी. वरचा दोन बोटे थर खुरप्याने हलका करून भुसभुशीत ठेवला, की खालची ओल वर येण्याची वाट मोडते आणि भेगा बुजतात. भेगा फार रुंद झाल्या असतील तर त्यांत चाळलेले शेणखत व माती भरावी. या कामास पाण्याचा थेंबही लागत नाही. सकाळचा अर्धा तास लागतो.

खुरपणी झाल्यावर त्यावर पांघरूण हवे. आच्छादन हा शब्द अलीकडे कृषी विभागाच्या पत्रकांतून रूढ झाला आहे. गोष्ट मात्र जंगलाइतकी जुनी आहे. झाडाखाली पडलेला पाचोळा कोणी झाडून नेत नाही म्हणूनच जंगलातील जमीन उन्हाळ्यातही उघडी पडत नाही. आपण मात्र अंगण लख्ख दिसावे म्हणून रोज सकाळी झाडाचे पांघरूण खराट्याने ओढून घेतो, आणि वर ते पेटवूनही देतो. लातूरकडे सोयाबीनचे भुसकट विपुल मिळते, साखर कारखान्यांच्या परिसरात उसाचे पाचट मिळते. काहीच नसेल तर वाळलेली पाने आहेतच. तीन-चार बोटे जाडीचा थर आळ्यात पसरावा, मात्र बुंध्यापासून चार बोटे अंतर सोडावे, नाहीतर साल दमट राहून सडते. कोरड्या आच्छादनाला वाळवी लागण्याची भीती असते. त्यासाठी त्यात कडुनिंबाचा पाला मिसळण्याची चाल आहे. मी तो मिसळला होता, तरीही एका कोपऱ्यात वाळवी लागलीच. तेवढे आच्छादन काढून टाकावे लागले.

मडके आणि माती

परंतु लिंबू वाचले ते मुख्यतः मडक्यांमुळे. ही युक्तीही त्या माळ्यांचीच. जमिनीत मडके पुरून त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर झाड जगवण्याची पद्धत फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील फान शंग-च या चिनी कृषिलेखकाच्या ग्रंथात तिचे वर्णन आढळते.

तिच्यामागील तत्त्व असे, की भाजलेल्या मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी असेल तर ती या छिद्रांतून पाणी ओढून घेते; ती ओली झाली की ओढ थांबते आणि झिरपणेही मंदावते. किती पाणी द्यावयाचे हे माणसाने ठरवावेच लागत नाही. ते माती ठरवते. शिवाय पाणी पृष्ठभागावर येतच नसल्याने उडून जाण्याचा प्रश्न उरत नाही, आणि तणही माजत नाही.

पद्धत सोपी असली तरी तिच्यात चुका पुष्कळ होतात. मडके नवे असावे व त्याला रंग अथवा झिलई नसावी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बाजारात घागरी, मडकी येतात, त्यांतील सात-आठ लिटरचे मध्यम भाजणीचे मडके घ्यावे. ज्या जुन्या माठात पाणी गार होईनासे झाले आहे, तो या कामी निरुपयोगी होय. माठात पाणी गार होते ते छिद्रांतून पाझरून बाहेरच्या अंगावर वाळते म्हणून. वर्षभरात पाण्यातील क्षारांनी छिद्रे बुजतात, पाझर थांबतो, गारवाही थांबतो. असा माठ पुरला तर पाणी त्यात पडून राहते. जुनेच भांडे वापरावयाचे झाल्यास त्याच्या बुडाशी लहान छिद्र पाडून त्यात सुती चिंधीची घट्ट वात बसवावी लागते.

दुसरी चूक जागेची. नवखा माणूस मडके बुंध्याला चिकटून पुरतो. वाढलेल्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्याजवळ फारशी नसतात; ती पर्णसंभाराच्या सावलीच्या कडेकडे पसरलेली असतात. म्हणून बुंधा आणि ती कड यांच्या मध्यापलीकडे, समोरासमोर दोन मडकी गळ्यापर्यंत पुरावीत. खड्डा खणताना जाड मुळे तुटणार नाहीत, याची काळजी घ्यावी. भोवतीची माती चाळून शेणखतासह दाबून बसवावी. मडके आणि माती यांत पोकळी राहिली तर ओढच लागत नाही. तोंडावर झाकण हवेच. उघड्या मडक्यात डास अंडी घालतात, आणि डेंग्यूचा प्रसार करणारा डास तर अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मी दोन्ही मडक्यांवर पातळ फडके बांधून त्यावर खापराचे झाकण ठेवले होते. मडकी तीन-चार दिवसांत रिती होत. म्हणजे जे झाड पूर्वी दिवसाआड दोन बादल्या पीत असे, ते आता दिवसाला चार-पाच लिटरांवर राहिले. फळे त्याने बरीच गाळली. पाने मात्र राखली.

याच तत्त्वाची दुसरी बाजू आपल्या देवळांत फार पूर्वीपासून आहे. वैशाखात शंकराच्या पिंडीवर आणि अनेक घरी तुळशीवर गळती बांधतात. बुडाशी बारीक छिद्र असलेल्या भांड्यातून थेंब-थेंब पाणी पडत राहते. तुळशीवृंदावन हे वस्तुतः चारही बाजूंनी उन्हात तापणारे विटांचे भांडे होय. त्यातील मूठभर माती दुपारी किती तापत असेल, याची कल्पना वृंदावनाच्या भिंतीला हात लावून पाहिल्यास येते. आजच्या ठिबक सिंचनाची योजना आणि ही गळती यांत तोटी आणि नळी यांपलीकडे मोठा भेद नाही. तुळशीच्या मंजिऱ्या वेळीच खुडल्या, तर बी धरण्यात तिची शक्ती खर्च होत नाही आणि ती उन्हाळा अधिक सहज काढते.

कुंड्या, ऊन आणि झळा

कुंडीतील झाडांची स्थिती याहून बिकट असते. जमिनीतील झाडाचे मूळ गारव्याच्या शोधात खाली जाऊ शकते. कुंडीतील मुळास जावयास जागा नाही. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी किंवा पत्र्याचा डबा गच्चीच्या सिमेंटवर ठेवला, तर कडेची मुळे अक्षरशः शिजतात. अशा कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, आणि कडेच्या कुंड्यांना ओले गोणपाट गुंडाळावे. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरणे हा त्याहून चांगला उपाय. शक्य असेल त्याने उन्हाळ्यापुरत्या कुंड्या गच्चीवरून उतरवून पूर्वेच्या भिंतीलगत आणाव्यात, की दुपारनंतरचे ऊन टळते.

सावलीसाठी बाजारात हिरवी जाळी मिळते; निम्मे ऊन अडविणारी जाळी घरगुती बागेस पुरते. मी तुरीच्या तुराट्यांचा तट्टा बांधला होता, कारण लातूरच्या डाळीच्या मुलखात त्यांना तोटा नाही. तो पश्चिमेला उभा केला, डोक्यावर नव्हे. ऊन जितके झाडाला जाळते, तितकाच कोरडा वारा त्याचे पाणी पळवतो, आणि उभा तट्टा दोहोंनाही अडवतो. मोगऱ्याला मात्र सावलीत कोंडू नये. तो उन्हावरच फुलतो, आणि एखाद-दुसऱ्या बादलीच्या मोबदल्यात वैशाखभर ओंजळ-ओंजळ फुले देतो. बोगनवेल आणि कण्हेर यांची तर चिंताच करू नये.

लिंबूवर्गीय झाडांच्या उघड्या खोडाला पश्चिमेच्या उन्हाने भेगा पडतात. त्यासाठी खोडास दोन-तीन फुटांपर्यंत चुन्याची निवळी फासतात. पांढरा रंग ऊन परतवतो. बागायतदार याच जागी मोरचूद एक किलो, चुना एक किलो व पाणी दहा लिटर यांचे बोर्डो मलम लावतात, त्याने बुरशीजन्य रोगांसही आळा बसतो. २०१२-१३ च्या अवर्षणात जालना भागातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्या वेळी ज्यांनी फळे उतरवून, फांद्यांची छाटणी करून पानांचा भार हलका केला आणि आच्छादन घातले, त्यांनी फळाचा हंगाम सोडून झाड राखण्याचा मार्ग पत्करला होता. घरगुती बागेसही तो लागू आहे. मात्र खत, विशेषतः युरिया, भर उन्हाळ्यात देऊ नये. कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी करपते. कुंडी बदलण्याची हौसही पावसाळ्यावर टाकावी.

वापरलेले पाणी

जुन्या घरांतून न्हाणीचे पाणी मोरीवाटे परसात सोडलेले असे आणि तेथे केळ, कर्दळ, अळू यांचा दाट हिरवा पट्टा असे. ती योजना उत्तम होती. तथापि त्या काळी न्हाणीत शिकेकाई आणि डाळीचे पीठ अधिक, आणि धुण्याची भुकटी नव्हतीच. आजच्या धुण्याच्या पाण्यात सोडियमचे क्षार बरेच असतात. काळ्या मातीत ते साचले, की तिचे कण सुटे होऊन रंध्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. ओली असता चिकट, वाळली असता दगड; अशा जमिनीत पाणी मुरत नाही. म्हणून धुण्याचे पाणी बागेस देऊच नये. अंघोळीचे पाणी केळ-कर्दळीस आलटून-पालटून चालते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी सर्वांत उत्तम, ते मडक्यात मात्र गाळून घालावे. पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते. ते फरशी पुसण्यास वापरावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र हवेतील बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. कार्यालयांच्या भिंतींवरून ते वर्षानुवर्षे ओघळून जात असते, याची खंत वाटते.

काय राखावे, काय सोडावे

एवढे करूनही सगळी बाग वाचत नाही, आणि दुष्काळी वर्षी ती वाचवू पाहणे रास्तही नव्हे. घरात कोणाला किती पाणी, हे जसे ठरवावे लागते, तसेच बागेतही ठरवावे लागते. आम्ही हिरवळ पहिल्या आठवड्यात सोडली. पावसात ती आपोआप फुटते. शेवंतीची काही रोपे सावलीत दोन कुंड्यांत जमवली आणि बाकीची जाऊ दिली. गुलाबांची छाटणी करून ते निम्मे केले. जे चार महिन्यांत पुन्हा लावता येते, त्यावर पाणी खर्चावयाचे नाही; जे उभे राहावयास आठ वर्षे लागली, त्याला शेवटपर्यंत द्यावयाचे, एवढा एकच नियम पाळला. एक जास्वंद या नियमात बसत असूनही आम्ही गमावली. ती घराच्या दक्षिणेस भिंतीलगत होती, आणि तापलेल्या भिंतीची धग रात्रीही तिला सोडत नसे. ही गोष्ट फार उशिरा ध्यानी आली.

मृगाचा पाऊस त्या वर्षी झाल्यावर घाईने तट्टा काढून टाकला आणि दोन दिवसांच्या उघडिपीत सावलीला सवकलेली पाने भाजून निघाली. तट्टा एकदम न काढता आठवडाभर आधी सकाळचे ऊन लागू द्यावे, हे तेव्हा उमगले. जाड आच्छादनही पावसाळ्यात विरळ करावे लागते, नाहीतर त्याखाली गोगलगायी जमतात. सप्टेंबरअखेरच्या जोरदार पावसाने मांजरा धरण भरले, तोवर लिंबाने नवी पालवी धरली होती.

त्यानंतर एक मडके पाहण्यासाठी म्हणून उकरले. ते सहजी निघेना. भोवतालची माती दूर करून पाहिले, तर मडक्याच्या पोटाला केसांएवढ्या पांढऱ्या मुळांची दाट जाळी चहूकडून चिकटलेली होती. मूळ न तोडता ते वर काढणे अशक्य दिसल्याने माती पुन्हा लोटून दिली. पुढे बदली झाली, तेव्हा निवासस्थानाचा ताबा देताना पंखे, दिवे, नळाच्या तोट्या यांची यादी रीतसर तपासून झाली. जडवस्तूंच्या नोंदवहीत पुरलेल्या मडक्यांसाठी रकाना नव्हता. म्हणून नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांना मागील दारी नेऊन लिंबाच्या दोन्ही बाजूंची झाकणे दाखवली, आणि चैत्र लागला की ती भरीत जा, असे तोंडी सांगून निघालो.